मंद ताऱ्याचं वस्तुमान मायक्रोलेन्सिंगने काढताय? या चुका टाळा

एखादा मंद तारा दूरच्या ताऱ्याच्या अगदी समोर आला की त्याचं गुरुत्व मागून येणारा प्रकाश वाकवतं आणि मागचा तारा काही काळ उजळतो. यालाच मायक्रोलेन्सिंग म्हणतात. समोरचा तारा दिसलाही नाही तरी त्याचं अस्तित्व कळतं. इथवर सगळं सुंदर आहे. चूक होते ती उजळण्याचा आलेख हाती येताच त्यातून वस्तुमान काढण्याची.

आलेखातून कळतो तो मुख्यतः घटनेचा कालावधी. त्यात वस्तुमान, अंतर आणि वेग एकमेकांत मिसळलेले असतात. जड तारा झपाट्याने गेला काय किंवा हलका तारा रेंगाळत गेला काय, आलेख सारखाच येऊ शकतो. ही गाठ सोडवायला आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: आइनस्टाइन वलयाची (तारे अगदी एका रेषेत आले तर मागच्या ताऱ्याचा प्रकाश ज्या कड्यात दिसेल त्या कड्याची) कोनीय त्रिज्या आणि पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे आलेखात येणारा किंचित तिरकेपणा.

दोन्ही मिळाल्या तरी पहिल्याच उत्तरावर थांबू नका. १९९३ साली, अशा घटना शोधणाऱ्या माचो प्रकल्पाला दिसलेली ‘माचो-एलएमसी-५’ ही घटना बघा. सहा वर्षांनी हबल दुर्बिणीने भिंग ठरलेला, म्हणजे प्रकाश वाकवणारा लाल बटू (लहान, थंड तारा) मागच्या ताऱ्यापासून वेगळा टिपला. गणितातून वस्तुमान आलं सूर्याच्या ०.०३६ पट. एवढ्या वस्तुमानात हायड्रोजन जळूच शकत नाही. त्यासाठी साधारण ०.०७५ पट तरी हवं. वर्णपट मात्र सांगत होता की हा खराखुरा तारा आहे. मग लक्षात आलं की त्याच आलेखाला पराशयाचं दुसरं उत्तरही बसतं. हबलने ताऱ्याचं अंतर स्वतंत्रपणे मोजलं आणि २००४ साली वस्तुमान ०.०९७ पट ठरलं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण निरीक्षणं चोख होती. दुसऱ्या उत्तराचा शोध तेवढा राहिला होता.

उत्तर विचित्र आलं तर आधी शेजाऱ्यांवर संशय घ्या. ताऱ्यांच्या दाटीत शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मोजमापात मिसळतो. मग उजळणं प्रत्यक्षाहून कमी भासतं आणि कालावधीही कमी येतो. गुरुत्व सगळे रंग सारखेच वाढवतं, त्यामुळे घटनेदरम्यान रंग बदलला तर परका प्रकाश मिसळला असण्याची दाट शक्यता.

प्रकाश वाढण्याऐवजी मागच्या ताऱ्याची जागा किती सरकली, यावरूनही वस्तुमान काढता येतं. ‘स्टाइन २०५१ बी’ या श्वेत बटूचं (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्याचं) ०.६७५ सौर वस्तुमान, म्हणजे सूर्याच्या ०.६७५ पट, असंच मिळालं. तिथे सरकणं होतं कोनीय सेकंदाच्या सुमारे दोन सहस्रांश आणि मागचा तारा श्वेत बटूपेक्षा जवळपास ४०० पट मंद. श्वेत बटूची चमक नीट वजा केली नाही, तर मोजलेलं ‘सरकणं’ त्या चमकेचंच असू शकतं.

आणि त्रुटिमर्यादा कधीही गाळू नका. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी याचं या पद्धतीने आलेलं वस्तुमान ०.१५ सौर वस्तुमान आहे, पण सुमारे ४० टक्के अनिश्चिततेसह. तेजस्वितेवरून येणारं ०.१२ त्या मर्यादेत आरामात बसतं. दोन्हींत विरोध नाही.