गळीत हंगामापूर्वी रेल्वे फाटकासाठी गावाने काय करावे

ब्रॉडगेज मार्गांवरील गेटमन नसलेली फाटके जानेवारी २०१९ अखेर हद्दपार झाली असली, तरी परभणी-लातूर पट्ट्यात उसाच्या जोड ट्रॉल्या सुरू झाल्या की फाटकावरचा धोका वाढतो. म्हणून ग्रामपंचायतीने दसऱ्याच्या सुमारासच कामाला लागावे.

आपले फाटक इंटरलॉकिंगचे आहे का, हे आधी गेटमनला विचारावे. इंटरलॉकिंग असेल तर फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही; नसेल तर सारी भिस्त स्टेशन मास्तर आणि गेटमन यांच्यातील फोनवर असते. तमिळनाडूत कडलूरजवळ ८ जुलै २०२५ रोजी शाळेच्या व्हॅनला गाडीने धडक दिली, ते फाटक या दुसऱ्या प्रकारचे होते.

मागणी इंटरलॉकिंगची असो वा उड्डाणपुलाची, रेल्वे आधी टीव्हीयूचा (ट्रेन व्हेइकल युनिट) आकडा पाहते. दिवसभरातील रेल्वेगाड्या आणि फाटक ओलांडणारी वाहने यांचा हा गुणाकार असतो. म्हणजे २४ गाड्या आणि ५०० वाहने असतील तर १२,०००. कडलूरच्या अपघातानंतर इंटरलॉकिंगसाठी लागणारा किमान आकडा १०,००० पर्यंत खाली आणण्यात आला. मात्र ही मोजणी कारखाना बंद असताना, ऐन उन्हाळ्यात झाली, तर दिवाळीनंतर कोंडणारे आपले फाटक कागदावर ओस दिसते. त्यामुळे नांदेड, सोलापूर किंवा सिकंदराबाद, रेल्वेच्या ज्या विभागात फाटक येते तेथील विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना ग्रामसभेचा ठराव पाठवताना मोजणी डिसेंबर-जानेवारीत व्हावी, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि गावाने स्वतः केलेली आठवड्याची नोंद सोबत जोडावी. माझ्या मते नुसत्या निवेदनापेक्षा या नोंदीचे वजन अधिक पडते.

रस्त्याकडेची वेडी बाभूळ तोडणे आणि फाटकाच्या चढावरचे खड्डे बुजवणे यासाठी मात्र कोणाची वाट पाहू नये; फक्त रेल्वेच्या हद्दीतील कामास त्यांची परवानगी घ्यावी.

फाटक उघडे असले, तरी पलीकडे दोन्ही ट्रॉल्या मावतील एवढी जागा दिसल्याशिवाय ट्रॅक्टर रुळांवर घालू नये, हे चालकांना मुकादमामार्फत बजावावे. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर वर २५,००० व्होल्टची तार असते, म्हणून मोळ्यांवर माणसे बसवू नयेत. ट्रॉली रुळांवर अडकलीच, तर ती ओढत बसण्याआधी माणसे दूर करून गेटमनला कळवावे, म्हणजे त्याला लगेच स्टेशन मास्तरांना फोन करून गाडी थांबवण्याची खटपट करता येते.