पीएसडी-९५ नेमकं कुठे आहे? रंगवताना या चुका टाळा

पीएसडी-९५ हे बहुतेक ठिकाणी सायनॅप्सच्या, म्हणजे चेतापेशींच्या जोडाच्या, संदेश घेणाऱ्या बाजूच्या दाट थरात (पोस्टसिनॅप्टिक डेन्सिटी) सापडणारं प्रथिन. उंदराच्या मेंदूचा काप घेतला, पीएसडी-९५ची अँटिबॉडी लावली, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके दिसले की बरेच विद्यार्थी थेट मोजणीला बसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे डेंड्राइटच्या (चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीच्या) काट्यावरचा एक उत्तेजक सायनॅप्स, हे गृहीतच धरलेलं असतं. हिप्पोकॅम्पसमध्ये ते बव्हंशी चालून जातं. लहान मेंदूत मात्र हमखास फसगत होते.

तिथे बास्केट पेशींचे अॅक्सॉन (संदेश पाठवणारे तंतू) पर्किंजे पेशीच्या अॅक्सॉनच्या मुळाभोवती गुंफून एक झुबका करतात, त्याला पिन्सो म्हणतात. पीएसडी-९५चा रंग या झुबक्यात ठळक उतरतो. पण हे प्रथिन तिथे सायनॅप्सच्या अलीकडच्या, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या बाजूला असतं, केव्ही१ जातीच्या पोटॅशियम चॅनलांच्या सोबतीला. आणि बास्केट पेशी तर दमनकारी! १९९२ मध्ये मेरी केनेडींच्या प्रयोगशाळेने हे प्रथिन पोस्टसिनॅप्टिक, म्हणजे संदेश घेणाऱ्या, भागात दाखवलं. १९९३ मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रथिन एसएपी९० या नावाने लहान मेंदूत प्रीसिनॅप्टिक, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या बाजूचं, म्हणून मांडलं. दोन्ही निरीक्षणं खरी आहेत, पेशी वेगळ्या आहेत. उलट प्रौढ पर्किंजे पेशीच्या काट्यांवर मुख्यत्वे पीएसडी-९३ हे त्याचं भावंड-प्रथिन असतं. तिथे पीएसडी-९५ दिसलं नाही म्हणून सायनॅप्सच नाहीत, असा निष्कर्ष काढू नका.

दमनकारी सायनॅप्स मोजायचे असतील तर गेफिरिन हे त्यांच्यातलं प्रथिन रंगवा. पीएसडी-९५च्या ठिपक्यांवरून 'एकूण सायनॅप्स' सांगणं चूकच.

आता सर्वांत जास्त त्रास देणारी गोष्ट: कल्चरमध्ये (तबकडीत वाढवलेल्या पेशींत) सुरेख दिसणारे ठिपके मेंदूच्या कापात पुसटतात किंवा गायबच होतात. अँटिबॉडीला दोष देण्याआधी फिक्सेशन, म्हणजे ऊती रसायनाने पक्क्या करण्याची पायरी, तपासा. सायनॅप्समागचा हा थर प्रथिनांनी इतका ठासून भरलेला असतो की ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये रात्रभर ठेवलेल्या मेंदूत अँटिबॉडीला आत शिरायला वावच राहत नाही. फिक्सेशन हलकं करा, ताजे गोठवलेले काप वापरून पाहा, नाहीतर काप ३७ अंशांवर आम्लातल्या पेप्सिनमध्ये काही मिनिटं ठेवा. वेळ मात्र आपल्या कापांवर स्वतः ठरवा. कमी पडली तर रंग येत नाही, जास्त झाली तर काप स्लाइडवरून सुटून येतो.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) याच थराचा चिवटपणा वेगळ्या तऱ्हेने आडवा येतो. ट्रायटन एक्स-१०० या सौम्य डिटर्जंटने तो विरघळत नाही, प्रथिन तळाच्या गाळात बसतं. वरचं द्रावण घेऊन गाळ फेकलात तर नमुन्यातलं बरंचसं पीएसडी-९५ बेसिनमध्ये गेलं. गाळ एसडीएस या तीव्र डिटर्जंटमध्ये विरघळवून तोही जेलवर चालवा.

लाल रंगवलेलं ‘बसून’ (Bassoon, संदेश पाठवणाऱ्या बाजूचं प्रथिन) आणि हिरवं पीएसडी-९५ एकमेकांवर पडून पिवळं दिसलं, तर दोन्ही एकाच जागी आहेत असं लिहू नका. साध्या कॉन्फोकलची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास, आणि सायनॅप्सची फट जेमतेम २०. अलीकडचं-पलीकडचं वेगळं करायचं तर सुपर-रिझोल्यूशन सूक्ष्मदर्शक किंवा इम्युनोगोल्ड (सोन्याचे कण लावलेली अँटिबॉडी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) हवं.

जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेलं पीएसडी-९५ पेशीत भरून जागा शोधणाऱ्यांनीही जपून राहावं. प्रथिनाचं प्रमाण वाढलं की सायनॅप्सच मोठे आणि बळकट होतात, म्हणजे जे मोजायला गेलात तेच बदललेलं असतं. नॉक-इन उंदीर (ज्याच्या स्वतःच्या जनुकातच ही खूण जोडलेली असते) मिळत असेल तर तोच घ्या. आणि अँटिबॉडी कोणतीही असो, नॉकआउट उंदराचा (ज्यात हे प्रथिनच नाही) एक काप त्याच दिवशी, त्याच द्रावणांतून, त्याच लेझर सेटिंगवर सोबत चालवा.