डबल ग्लेझिंगची खिडकी बदलायची का? आधी काचेला घाम कुठून सुटतोय ते बघा

काचेवर जरा धुकं दिसलं की लोक लगेच खिडकी बदलायला निघतात, आणि विकणारा तर टपूनच बसलेला असतो, तो म्हणणारच की ताई, अख्खी खिडकीच गेलीये. मीही एकदा अशीच फसलेय. त्यानंतर घरच्या, बहिणीच्या, शेजाऱ्यांच्या मिळून इतक्या खिडक्या तपासल्यात की आता कुणी "वीस वर्षं झाली ना, मग टाक बदलून" असं म्हटलं की डोकंच फिरतं. काचेच्या सीलचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षं धरतात हे खरंय, पण दहाव्या वर्षी बाद झालेली काच मी बघितलीये आणि तिशी गाठलेली ठणठणीत काचही बघितलीये. वयावरून फक्त एवढंच ठरतं की आता लक्ष ठेवायला सुरुवात करायची.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डबल ग्लेझिंगची खिडकी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात. एक म्हणजे चौकट, झडपा, बिजागऱ्या, कडी, रबर. दुसरी म्हणजे त्यात बसवलेली काचांची बंद जोडी: दोन काचा, त्यांच्यामधे कडेने फिरणारी पोकळ पट्टी जिला स्पेसर म्हणतात, त्या पट्टीच्या पोटात ओलावा शोषणारे बारीक दाणे, आणि सगळ्याला बाहेरून सील. मधल्या पोकळीत कोरडी हवा नाहीतर आर्गॉन वायू. आता जोडी बिघडली तर जोडीच बदलायची ना, चौकट कशाला उपटायची? पण नव्वद टक्के सल्ले इथेच घसरतात.

पायरी १. काचा दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसा. झालं.

पायरी २. घाम नक्की कुठे आहे ते शोधा.

ही पायरी दिसते सोपी, पण माझी सगळी फजिती इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझ्या बेडरूमच्या खिडकीवर थंडीत रोज सकाळी खालच्या बाजूला दोन बोटं उंचीचा पाण्याचा पट्टा यायचा, पाणी ओघळून खालच्या फळीचा रंग फुगून सोलायला लागला होता. बघायला आलेल्या माणसाने काचेवरून बोट फिरवलं, "सील गेलं" म्हणाला आणि बोट रुमालाला पुसलं. आता नीट वाचा, बोट पुसलं. म्हणजे बोट ओलं झालं होतं! पाणी काचांच्या मधे असतं तर त्याचं बोट ओलं होणं शक्यच नव्हतं, पण हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत तीन नव्या खिडक्या बसून पैसे देऊन झाले होते. आणि गंमत म्हणजे नव्या खिडक्यांवर पाणी आधीपेक्षा जास्त यायला लागलं. कारण साधं होतं, जुन्या खिडकीच्या फटींतून खोलीतली दमट हवा निदान थोडी तरी बाहेर जात होती, नवी खिडकी घट्ट बसली आणि तो रस्ताही बंद झाला.

तर घाम तीन ठिकाणी येऊ शकतो.

खोलीच्या बाजूला आला तर खिडकीचं सील गेलेलं नाही, खोलीतली हवा दमट आहे. बंद खोलीत कपडे वाळत घातलेत, अंघोळीची वाफ फिरतीये, स्वयंपाकघरातला पंखा बंद आहे, नाहीतर रात्रभर दोन-तीन माणसं दारं-खिडक्या लावून झोपतायत. घरातली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर थंडीत चांगली काचही ओली होऊ शकते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या, खिडकीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

बाहेरच्या बाजूला आला तर खूश व्हा. निरभ्र थंड रात्रीनंतर पहाटे बाहेरच्या काचेवर दव पडलं म्हणजे घरातली ऊब त्या काचेपर्यंत पोचतच नाहीये, काच आपलं काम चोख करतीये. हे बघूनसुद्धा खिडक्या बदलायला निघालेली माणसं मी बघितलीयेत, काय बोलणार.

दोन्ही बाजूंनी पुसलं, कोरड्या बोटाने घासलं, बोट कोरडंच राहिलं आणि धुकं तसंच्या तसं, तर ते काचांच्या मधे आहे. सील गेलं. दाण्यांनी शोषायचा तेवढा ओलावा शोषून झालाय, आता त्यांच्यात जागा नाही.

पण सुरुवातीला हे धुकं दिवसभर थांबत नाही, हाच त्यातला चकवा. पहाटे दिसतं आणि ऊन आलं की गायब, मग दुपारी तपासायला आलेला माणूस म्हणतो काहीच नाहीये, आणि आपल्यालाच वाटतं आपण उगाच वेड्यासारखं करतोय. त्यामुळे तपासणी पहाटेच करायची आणि फोटो काढून ठेवायचा, विशेषतः वॉरंटी शिल्लक असेल तर. पुढे पुढे पाण्याचे ओघळ सुकून काचेच्या आतल्या अंगाला पांढुरके डाग पडतात, कितीही घासा जात नाहीत, तोपर्यंत मग शंकेला जागाच राहात नाही.

अजूनही खात्री होत नसेल तर माझी बर्फाची युक्ती करा. सावलीत असलेली काच निवडा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घेऊन पिशवी आतल्या बाजूने काचेला दहा मिनिटं धरून ठेवा, मग काढून तेवढी जागा लगेच कोरडी पुसा. पुसल्यावरही तिथे धुक्याचा गोल राहिला आणि तो बोटाला लागत नसेल तर पोकळीत ओलावा शिरलाय. चांगल्या जोडीतली हवा इतकी कोरडी असते की बर्फाच्या थंडाव्याने तिला काही फरक पडत नाही. मात्र उन्हाने तापलेल्या काचेवर हे करू नका, एकाच काचेचा एक भाग गरम आणि एक गार झाला की तडा जातो. आणि बर्फात मीठबीठ घालून आणखी गार करायचा शहाणपणा तर अजिबात नको.

एक आणखी, काचेत कधीकधी पुसट इंद्रधनुषी पट्टे दिसतात. काच तळव्याने हलकी दाबली की ते सरकत असतील तर तो नुसता प्रकाशाचा खेळ आहे, दोन सारख्या जाडीच्या काचा समोरासमोर आल्या की होतो. त्याला बिघाड म्हणत नाहीत. पण पट्टे बरोब्बर मधोमध गोल गोल असतील आणि काचा मधे एकमेकींना टेकल्यासारख्या वाटत असतील तर जोडी आत ओढली गेलीये, ती बदला.

आता काचेला भोक पाडून आतला ओलावा सुकवून देतो म्हणणाऱ्यांबद्दल. मी करून बघितलंय, काही दिवस काच छान दिसते. पण गेलेलं सील परत येत नाही, भरलेले दाणे रिकामे होत नाहीत, आर्गॉन तर कधीच उडून गेलेला असतो. नुसता रंगरंगोटीचा कार्यक्रम. पैसे वाचवायचे असतील तर काहीच करू नका, तेही चालेल, कारण सील गेलेली जोडी अंगावर पडणार नाहीये, ती थोडी कमी ऊब धरते आणि वाईट दिसते, एवढंच. तुमच्या सोयीने बदला.

पायरी ३. सील का गेलं ते शोधा, नाहीतर नवीही जाईल.

हे कुणी सांगत नाही. चौकटीच्या खालच्या खाचेत पावसाचं थोडं पाणी येतच असतं, ते बाहेर जायला बाहेरून छोटी आडवी भोकं ठेवलेली असतात. ती माती, रंग, सिमेंट नाहीतर किड्यांच्या घरट्यांनी बुजतात, पाणी खाचेत साचतं, आणि काचांच्या जोडीची खालची कड महिनोन्महिने पाण्यात उभी राहते. सील पाऊस सोसतं, पण बुडून राहणं नाही सोसत. माझी एक नवी कोरी जोडी तिसऱ्या वर्षीच धुरकट झाली ती याचमुळे, आणि मी मात्र काचवाल्याच्या नावाने बोटं मोडत बसलेले. झडप उघडून खालच्या खाचेत अर्धा कप पाणी ओता, थोड्याच वेळात ते बाहेरच्या भोकांतून निघालं पाहिजे. नाही निघालं तर बारीक ताठ तारेने भोकं मोकळी करा, पण तार आत खोलवर खुपसू नका, सीललाच टोचाल.

शिवाय नवी जोडी बसवताना ती सरळ चौकटीवर टेकवायची नसते, खाली प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे लागतात म्हणजे कड पाण्यापासून वर राहते. बसवणारा घाईत हे विसरतो. समोर उभं राहून बघा, मान वाकडी करून बघावं लागलं तरी बघा.

पायरी ४. वारा येतोय म्हणून खिडकी बदलू नका.

कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर ठीक, सुळकन निघाली तर तिथे रबर दबलंय नाहीतर बिजागरी सैल पडलीये. चारी बाजूंनी जागा बदलून बघा. रबर सुटं मिळतं, बिजागरी आणि कडी बदलता येते, बऱ्याच कड्या तर नुसत्या आवळूनच नीट होतात. रस्त्याचा आवाज येतोय ही तक्रार असेल तरी आधी हेच करा, कारण हवा जिथून येते तिथूनच आवाजही येतो.

पायरी ५. चौकट तपासा. अख्खी खिडकी बदलायची वेळ फक्त इथेच येते.

लाकडी चौकट असेल तर खालच्या कोपऱ्यांत पेचकसाचं टोक दाबा, लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर लाकूड कुजलंय, थोडं असेल तर सुतार तुकडा जोडून देतो, खालचा अख्खा भाग गेला असेल तर बदला. युपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची असेल तर कोपऱ्यातले जोड उलले आहेत का बघा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा, दोन्हींत डोळ्यात भरण्याइतका फरक आला तर चौकट वाकलीये. अ‍ॅल्युमिनियमची जुनी असेल आणि थंडीत काच कोरडी पण धातूवरच पाण्याचे थेंब, तर तिच्यात आतला-बाहेरचा धातू वेगळा ठेवणारा प्लॅस्टिकचा पडदा नाहीये. थंड हवामानात अशी चौकट बदलणं मला पटतं, एरवी राहू द्या. आणि बिजागऱ्यांचे सुटे भाग कुठेच मिळत नसतील तर नाइलाज आहे.

पायरी ६. काच जुन्या पद्धतीची आहे का बघा.

रात्री दिवा मालवून लायटरची ज्योत काचेजवळ धरा (पडदे आधी बाजूला करा बरं का), काचेत चार ज्योती दिसतील. त्यातली एक वेगळ्या रंगाची असेल तर काचेवर उष्णता परतवणारा लो-ई थर आहे. चारही सारख्या असतील तर साधी काच. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता निसटायचा वेग, साधारण ५.८ असते, जुन्या साध्या जोडीची २.८ च्या आसपास आणि लो-ई थर व आर्गॉन असलेल्या जोडीची १.१ च्या आसपास. आकडा जितका कमी तितकं चांगलं. म्हणजे चौकट धडधाकट असेल तर नुसती काचांची जोडी बदलून बराचसा फायदा पदरात पडतो. पण धुकं नाही, वारा नाही, नुसता आकडा कमी करायचा म्हणून चांगल्या जोड्या काढून फेकायच्या असं मी तरी करणार नाही.

पायरी ७. मापं घेऊन ऑर्डर द्या.

बीडिंग, म्हणजे काच चौकटीत दाबून धरणारी कडेची पट्टी, काढून पूर्ण जोडीचं माप घ्या, दिसते तेवढ्याच काचेचं नाही. जाडी महत्त्वाची, २४ किंवा २८ मिमी बऱ्याच ठिकाणी असते पण तुमची मोजाच, एक-दोन मिलिमीटरने चुकलं तर बीडिंग बसत नाही. दारातली आणि जमिनीलगतची काच टफन्ड (तापवून मजबूत केलेली) असावी, आणि टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्या. सगळ्या जोड्या एकदम बदलायची गरज नाही, उन्हाच्या बाजूच्या आधी जातात कारण तापून-गार होऊन पोकळीतली हवा रोज सील ताणत असते, तेव्हा त्या आधी बघा, सावलीतल्या अजून कितीतरी वर्षं चालतील.

नवी जोडी आली की बसवण्याआधी स्पेसरवर आतल्या बाजूला छापलेलं महिना-वर्ष वाचा, बहुतेक जोड्यांवर असतं, त्याचा फोटो काढा आणि बिलाबरोबर ठेवून द्या. माझ्या त्या तीन खिडक्यांचा फोटो मी काढला नव्हता, आता वॉरंटी कधी संपली हे बघायला टॉर्च लावून, गाल काचेला चिकटवून वाचावं लागतं.