चुलवाणापुढे मास्क नेमका कसा लावावा

कराड-शिराळा भागातल्या गुऱ्हाळांवर चुलवाणाला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीला, जाळ घालण्याचे काम मी अनेक हंगाम केले आणि त्यातले पहिले काही हंगाम तोंडाला ओले उपरणे गुंडाळून काढले. उपरण्याने फार तर राख अडते. फुप्फुसात खोल उतरणारे धुराचे कण २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि ते कापडाच्या विणीतून सहज आत जातात. म्हणून ‘ओले फडके पुरते’ असे सांगणाऱ्यांचे कृपया ऐकू नका.

चिपाड, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, वाळलेलेच जाळावे. बुरसलेली गंजी उपसतानाही मास्क हवा, कारण त्या धुळीने बॅगॅसोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो.

मास्क एन-९५ किंवा आयएस ९४७३ या भारतीय मानकाने प्रमाणित एफएफपी-२ घ्यावा. खरी अडचण पुढेच आहे. महिनाभर मास्क लावूनही माझा कफ काळाच पडत होता. एका रात्री मास्क काढून ट्रॅक्टरच्या आरशात पाहिले, तर नाकाच्या कडेने डोळ्याखालपर्यंत काजळीची बारीक रेघ उमटली होती. धूर मास्कमधून नव्हे, तर त्या फटीतून आत जात होता.

वरचा पट्टा कानांच्या वरून डोक्यामागे आणि खालचा कानांखालून मानेवर घ्यावा. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली तर ती मधोमध टोकदार होते आणि कडेला फट राहते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडांकडे दाबत न्यावी. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांना वारा लागला, तर पुन्हा बसवावा. दाढीवर मास्क बसत नाही. हंगामभर ती रोज करावी, यात मी सवलत मानत नाही. भिजलेला किंवा श्वास जड करणारा मास्क टाकून द्यावा, धुऊ नये.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू या मास्कने अडत नाही. डोके जड झाले किंवा गरगरले, तर लगेच उघड्यावर यावे.

धुराडे पूर्ण निवल्यावर काजळी पाणी शिंपडूनच काढावी, कोरड्या झाडूने कधीही नाही. धुराडी साफ करणाऱ्यांमधला कर्करोग आणि काजळी यांचा संबंध लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्येच दाखवला होता.

खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयाची तपासणी आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजण्याची चाचणी, करावी. मला दवाखान्यात केवळ विडीबद्दल विचारले गेले होते. त्यामुळे किती हंगाम जाळापुढे काढले, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.