फरसबीचा वेल नुसताच माजला होता, शेंगा मात्र शून्य

वेलवाली फरसबी लावली, दीड महिन्यात वेल डोक्याच्या वर गेला, पानं हिरवीगार, बघणारे म्हणायचे वा काय वेल आहे! पण शेंग एकही नाही. फुलं यायची आणि दोन दिवसांत गळून पडायची.

चूक माझीच होती. दर आठवड्याला शेणखताचं पाणी आणि वर चिमूटभर युरिया घालत होतो, म्हणजे नत्राचा (नायट्रोजनचा) नुसता मारा. खरंतर फरसबी शेंगवर्गीय, तिच्या मुळांवरच्या गाठीतले जीवाणू हवेतला नत्र थोडाफार बांधतातच, त्यात वरून एवढा दिला की वेल पानंच काढत बसतो. युरिया लगेच बंद केला.

दुसरं म्हणजे ऊन. पारा ३२ च्या वर गेला की फुलं टिकत नाहीत, मग दुपारपुरती हिरवी नेट बांधली, बुडाशी वाळक्या पानांचा जाड थर टाकला आणि पाणी रोज सकाळी मुळाशीच, फुलांवर फवारा नाही.

आधाराचा पण घोळ होता, गुळगुळीत पाईपवरून वेल घसरायचा. सुतळी ताणून दिली, आणि हो, वेल गुंडाळताना वरून बघून घड्याळाच्या उलट दिशेनेच फिरवा, मी घड्याळाच्या दिशेने गुंडाळला तर पठ्ठ्या सुटून परत आपल्याच दिशेला वळला!

तीनेक आठवड्यांनी शेंगा धरल्या. आता दर दोन दिवसांनी कोवळ्याच तोडतोय, कारण आत बी फुगलं की वेल नवी फुलं काढायचं कमी करतो.