गरोदरपणात डोकं ठणकलं तर आधी बीपी मोजा

द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडच्या गरोदर बायका बागेत राबतात. आठव्या महिन्यात डोकं ठणकलं की घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. बाम चोळतात आणि झोपवतात. मी नाशिकमध्ये प्रसूती विभागात नर्स आहे. माझी कळकळीची विनंती आहे, बाम नंतर, आधी बीपी.

मेंदूत किती रक्त जावं, हे तिथल्या बारीक धमन्या सांभाळतात. दाब वाढला की त्या आकसतात आणि मेंदूवर ताण येऊ देत नाहीत. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून होणाऱ्या आजारात, त्यांची ही ताकद कमी पडते. मग रक्त जोरात आत शिरतं, नसांमधून पाणी झिरपतं, मेंदूला सूज येते. ही सूज बहुतेक वेळा मागच्या भागात असते आणि आपल्याला दिसतं ते त्याच भागामुळे. म्हणून डोळ्यांपुढे काजवे चमकले, धूसर दिसलं, तर चष्म्याच्या दुकानात नाही, प्रसूतीच्या दवाखान्यात जायचं.

बीपी घाईत मोजू नका. लघवीला जाऊन या, पाठ टेकून खुर्चीत बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो.

१४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी दाखवा. १६०/११० आलं तर पंधरा मिनिटांत पुन्हा मोजा. तेवढंच असेल तर १०८ ला फोन. मात्र डोकेदुखी थांबत नसेल, नजर बिघडली असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर आकडा कमी असला तरी निघा. फार न वाढलेल्या बीपीतही झटके, म्हणजे फिट, आलेले आहेत.

झटका आलाच तर डाव्या कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात मॅग्नेशियम सल्फेट देतात, तेव्हा अंग भाजल्यासारखं गरम होतं. घाबरून नको म्हणू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला होता.

आणि बाळंत झाली म्हणजे सुटली, असं नाही. बीपी बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या दिवशी चढतं, नेमकी बाळंतीण माहेरी पोचते तेव्हा. सहा आठवडे लक्ष ठेवा. तिच्यासोबत दवाखान्याची फाइल द्या, आणि तिथल्या आशाताईंना आधीच कळवून ठेवा.