मोडकी ऑफेन्सिव्ह लाइन आणि ड्राफ्टचा बोर्ड: क्रम कसा लावावा

२०२३ च्या हंगामात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सचे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे, ८५ वेळा सॅक झाले. म्हणजे चेंडू हातातून सुटायच्या आत ८५ वेळा जमिनीवर. त्यांना वाचवायचं काम ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांचं: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. एनएफएलच्या इतिहासात याहून वाईट आकडा एकच, १९८६ च्या फिलाडेल्फिया ईगल्सचा १०४. आणि याच जायंट्सनी २०१५ ते २०२२ च्या दरम्यान ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या दहांतले तीन पिक (निवडी) टॅकलवर घातले होते: एरेक फ्लॉवर्स नववा, अँड्र्यू थॉमस चौथा, इव्हन नील सातवा. त्यामुळे "लाइन खराब आहे ना, मग पहिल्या फेरीत टॅकल घ्या" असं कुणी म्हणालं की मी आताशा वाद घालत बसत नाही, चहा ओतून घेतो.

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. दर एप्रिलला आम्हा मित्रांचा मॉक (लुटुपुटूचा) ड्राफ्ट असतो. सोळा जण, प्रत्येकाकडे दोन संघ, पुऱ्या सात फेऱ्या. माझ्या नशिबी दरवर्षी एक तरी मोडक्या लाइनचा संघ येतोच, त्यामुळे या कामात हात बसलाय.

१. पाच नावं कागदावर लिहा

लाइनमधल्या पाचही जणांचं नाव, वय, करार कधी संपतो, मागच्या वर्षी किती सामने बुडवले. दहा मिनिटांचं काम.

२. भोक नेमकं कुठे आहे ते शोधा

मागच्या हंगामातला प्रत्येक सॅक पुन्हा बघा आणि त्यापुढे कारण लिहा. ब्लॉकर हरला, क्वार्टरबॅकने चेंडू उगाच धरून ठेवला, की जास्तीचा माणूस मोकळा सुटला? अर्ध्या वेळा लाइन निर्दोष निघाली तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

शिकागो बेअर्सचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये त्यांचा नवखा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पुढच्या ड्राफ्टला दहाव्या नंबरवर डोळे मिटून टॅकल लिहिला. खऱ्या संघाने मार्चमध्येच लाइनच्या मधल्या तिन्ही जागा बदलून टाकल्या. गार्ड जो थूनी आणि जोना जॅक्सन सौदे करून आणले, सेंटर ड्रू डॅलमनला करारबद्ध केलं, आणि दहाव्या नंबरवर चक्क टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) घेतला, कोल्स्टन लव्हलंड. टॅकल आला तो ५६व्या नंबरवर. पुढच्या हंगामात सॅक निम्म्याहून खाली गेले. नवा प्रशिक्षक बेन जॉन्सनचा त्यात मोठा वाटा आहे हे मान्य, पण भोक मधोमध आहे हे आधी कुणीतरी ओळखलं होतं.

कबड्डी खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको. साखळीत कच्चा गडी कोणता हे चढाईपटू पहिल्या दोन चढायांतच हेरतो, मग बाकीचे कितीही तगडे असोत, तो तिथेच येत राहतो. जो थॉमस क्लीव्हलँडसाठी लेफ्ट टॅकलला सलग १०,३६३ स्नॅप (म्हणजे चाली) खेळला, आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. २००७ ते २०१७ या त्याच्या कारकिर्दीत संघ एकदाही प्लेऑफला पोहोचला नाही. एक उत्तम टॅकल म्हणजे लाइन नव्हे.

३. ड्राफ्टच्या आधीच भोकं बुजवा

या पायरीचा आदर्श म्हणजे कॅन्सस सिटी चीफ्स, २०२१. फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, टँपा बेकडून ३१-९ असे हरले. दोन्ही नेहमीचे टॅकल जायबंदी होते आणि पॅट्रिक महोम्स सामनाभर जीव घेऊन पळत होता. मार्चमध्ये त्यांनी ते दोन्ही टॅकल सोडले आणि थूनीला पाच वर्षांसाठी आठ कोटी डॉलर्सवर आणलं. एप्रिलमध्ये, ड्राफ्टच्या तोंडावर, पहिल्या फेरीतला पिक देऊन बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन घेतला. आता ड्राफ्टच्या रात्री त्यांना घाई कशाचीच नव्हती. दुसऱ्या फेरीत ६३व्या नंबरपर्यंत शांत बसून सेंटर क्रीड हम्फ्री घेतला, सहाव्या फेरीत २२६व्या नंबरवर गार्ड ट्रे स्मिथ. दोन वर्षांनी त्याच संघाने सुपर बोलमध्ये ईगल्सना हरवलं. त्या ईगल्सनी नियमित हंगामात ७० सॅक केले होते, त्या दिवशी एकही नाही.

बाजारातून काय घ्यावं आणि ड्राफ्टमधून काय, याचा माझा नियम साधा आहे: गार्ड विकत घ्या, टॅकल वाढवा. चांगला लेफ्ट टॅकल कोणताही शहाणा संघ सहसा सोडत नाही. जो सुटून बाजारात येतो, तो का सुटला हे आधी विचारा.

४. टेप बघणं (इथे घाई केलीत तर वरचं सगळं फुकट)

२०२२ च्या आमच्या ड्राफ्टमध्ये जायंट्स माझ्याकडे होते. सातव्या नंबरवर मी अलाबामाचा इव्हन नील घेतला. सहा फूट सात इंच, ३३७ पौंड. यूट्यूबवर त्याच्या चित्रफिती बघून मी वेडा झालो होतो, समोरच्याला ढकलत नेऊन आडवं करतोय, परत पुढच्याला. खऱ्या जायंट्सनीही त्याच नंबरवर तोच घेतला, तेव्हा मी पेढेच वाटायचे बाकी होते. पुढे बाहेरून येणाऱ्या चपळ रशरसमोर (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या बचावपटूसमोर) त्याचे पाय पुरेनात, दुखापतीही झाल्या, आणि २०२५ मध्ये संघाने त्याच्या कराराचं पाचवं वर्ष नाकारलं. संघाने काय पाहिलं होतं ते संघ जाणे. मी मात्र रन ब्लॉक (धावणाऱ्यासाठी वाट काढणं) बघून पास ब्लॉकर (क्वार्टरबॅकला जपणारा) निवडला होता.

ही चूक सगळे करतात, कारण हायलाइट्स बनतातच अशा ठोशांच्या. शिवाय कॉलेजचा खेळ टॅकलला फार सांभाळून घेतो. स्क्रीन पास, झटपट पास, धावण्याचं सोंग करून टाकलेला पास. चेंडू दोन सेकंदांत निघून जातो. टॅकलने नुसतं समोर उभं राहून अंग घातलं तरी आकडेवारीत "सॅक दिला नाही" असं लागतं. असे पन्नास स्नॅप बघून तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

म्हणून मी आता परीक्षेचे स्नॅप वेगळे काढतो. तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात किंवा जास्त यार्ड हवेत. क्वार्टरबॅक खरोखर मागे सरकलेला. कसलंही सोंग नाही. आणि त्या बाजूला मदतीला टाइट एंड किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) नाही. एवढ्या अटी लावल्या की एका सामन्यात असे आठ-दहा स्नॅप उरतात. प्रत्येक खेळाडूचे तीस जमवा. तीस व्हायच्या आत मत बनवू नका, आणि बनलंच तर निदान कुणाला सांगू नका. टीव्हीचं नेहमीचं प्रक्षेपण यासाठी पुरतं, लाइन कायम चौकटीतच असते.

प्रत्येक स्नॅप तीनदा बघायचा. पहिल्यांदा फक्त पाय. मागे सरकताना पावलं आखूड आणि जमिनीलगत आहेत, की उडी मारल्यासारखी? वाकतोय तो गुडघ्यातून की कंबरेतून? कंबरेतून वाकणाऱ्याचं डोकं बोटांच्या पुढे जातं, आणि रशरने हात झटकला की तो तोंडावर पडतो. नीलच्या टेपमध्येही तो तोल जाऊन पडताना दिसत होता. मीच त्याकडे "जोशात होतं असं" म्हणून काणाडोळा केला. आता कंबरेतून वाकणारा टॅकल दिसला की माझ्या बोर्डावर त्याची जागा गार्डच्या रांगेत, त्याचं कॉलेज कितीही मोठं असो.

दुसऱ्यांदा हात. आधी कुणाचे हात लागतात, त्याचे की रशरचे? तिसऱ्यांदा डोळे. समोरचे दोघे अदलाबदल करून आत-बाहेर येतात तेव्हा हा आपला माणूस गार्डच्या ताब्यात देऊन नवा घेतो, की पहिल्याच्याच मागे लागतो? हरलेले स्नॅप तर जास्तच बघा. हरल्यावर अर्धं पाऊल मागे घेऊन पुन्हा समोर येणारा गडी शिकतो. हरल्यावर जर्सी धरणारा दर आठवड्याला दहा यार्डांचा दंड आणतो.

प्रतिस्पर्धी कोण होता हेही लिहून ठेवा. नॉर्थवेस्टर्नचा रशॉन स्लेटर २०२० चा हंगाम कोविडमुळे खेळलाच नाही, तरी २०२१ मध्ये तेराव्या नंबरवर चार्जर्सकडे गेला. त्याचं नाव झालं ते २०१९ मधल्या ओहायो स्टेटविरुद्धच्या टेपवर, समोर होता चेज यंग, जो पुढे दुसऱ्या नंबरवर निवडला गेला. तसल्या माणसासमोरचा एक सामना बाकीच्या दहांच्या बरोबरीचा.

आणि हातांची लांबी! दर फेब्रुवारीत इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) मोजपट्टी निघते आणि लोक पंचांग बघितल्यासारखे निर्णय घेतात. टॅकलचा हात ३४ इंच हवा म्हणे. स्लेटरचा ३३, आणि पहिल्याच वर्षी प्रो बोलला (लीगच्या निवडक खेळाडूंच्या मेळाव्याला) गेला. २०२५ मध्ये विल कॅम्पबेलचा ३२⅝ निघाला तेव्हा दोन महिने दुसरी चर्चा नव्हती. न्यू इंग्लंडने तरी चौथ्या नंबरवर घेतला. माझ्या लेखी लांबी निर्णायक कधी? टेपवर दोघे अगदी सारखे असतील तेव्हाच. टेपमध्ये रशरचे हात सारखे आधी लागताना दिसत असतील, तर मोजपट्टीची गरजच नाही.

शेवटची खबरदारी बाजूची. डावीकडून उजवीकडे नेणं म्हणजे डाव्या हाताने वरणभात कालवायला लावणं. पाय, हात, वजन सगळं उलटं. पेनेई सेवेल ओरेगनमध्ये डावीकडे खेळायचा, डेट्रॉइटने उजवीकडे नेला. सुरुवातीला अडखळला, मग लीगमधला अव्वल राइट टॅकल झाला. पण सेवेल एखादाच. इतरांसाठी बाजू बदलणार असाल तर एक अख्खं वर्ष खर्ची टाका.

५. बोर्ड लावा

टॅकल, गार्ड, सेंटर असे तीन वेगळे रकाने. एका रकान्यात साधारण सारख्या दर्जाच्या खेळाडूंचे गट करा आणि जिथे दर्जा एकदम खाली येतो तिथे जाड रेघ ओढा. बस. कॉलेजमध्ये टॅकल असलेले काही जण आपोआप गार्डमध्ये सरकतील, सरकू द्या. झॅक मार्टिन नॉत्र डेमचा लेफ्ट टॅकल होता, थूनीही कॉलेजात टॅकलच होता.

६. प्रत्यक्ष रात्र

रेघेच्या वरचा एकच उरला असेल तर घ्या. तिघं उरले असतील तर थांबा, किंवा खाली सरका. खाली सरकण्याला लोक इतके का घाबरतात मला कळत नाही. २०१३ मध्ये डॅलस काउबॉइज १८व्या नंबरवरून ३१व्यावर उतरले आणि बदल्यात ७४वा पिक घेतला. सौद्यांसाठी वापरतात तो जिमी जॉन्सनचा जुना तक्ता काढा: १८वा म्हणजे ९०० गुण, ३१वा ६००, ७४वा २२०. तोटा ८० गुणांचा, म्हणजे चौथ्या फेरीतला एखादा पिक. ३१वर त्यांनी विस्कॉन्सिनचा सेंटर ट्रॅव्हिस फ्रेडरिक घेतला आणि सगळीकडून हसू झालं, एवढ्या वर सेंटर कोण घेतं! तो पाच वेळा प्रो बोलला गेला. पुढच्या वर्षी १६व्या नंबरवर जॉनी मॅन्झील हा गाजलेला क्वार्टरबॅक समोर असताना त्यांनी मार्टिन घेतला. २०११ चा टायरन स्मिथ आधीच होता. २०१४ मध्ये त्या लाइनच्या मागून रनिंग बॅक डिमार्को मरे १,८४५ यार्ड धावला, लीगमध्ये पहिला.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा लाइनवेडा आहे. २०२१ मध्ये सिनसिनाटीकडे पाचवा पिक होता. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा आदल्या वर्षीच फाटलेला, समोर सेवेल. त्यांनी रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेज घेतला. आमच्या ग्रुपमध्ये शिव्यांचा पाऊस पडला, माझ्याही त्यात होत्या. संघ त्याच हंगामात सुपर बोलला पोहोचला. तिथे बरो सात वेळा सॅक झाला हेही खरं. चेज रेघेच्या फार वर होता, म्हणून निवड बरोबर. पण त्यांची खरी चूक दुसऱ्या फेरीत झाली: लाइनची गरज म्हणून घेतलेला जॅक्सन कारमन कधीच रुळला नाही. गरजेपोटी घेतलेला पिक बहुधा दुसऱ्या फेरीतच नासतो, पहिल्या फेरीत निदान सगळे जागे असतात.

७. शेवटच्या फेऱ्या

इथे एकच गुण बघून घ्या, बाकीचं माफ. जेसन केल्सी लहानखुरा, पण चपळ: १९१वा. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातून रग्बी लीग खेळून आला, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता: २३३वा. ट्रे स्मिथ फुप्फुसातल्या रक्ताच्या गाठींच्या भीतीने घसरला होता. अर्थात मायलाटाला उभं करायला ईगल्सकडे जेफ स्टाउटलंडसारखा लाइनचा प्रशिक्षक होता. तुमच्या संघाचा लाइन कोच दर वर्षी बदलत असेल तर असले जुगार खेळू नका.

८. सहावा गडी

आमच्या सोळापैकी बारा जण हा विसरतात. दोन्ही बाजूंना टॅकल खेळू शकेल असा एक राखीव, आणि सेंटरच्या जागी उभं राहून चेंडू मागे देता येईल असा एक राखीव गार्ड. या दोघांची नावं लिहिल्याशिवाय कागद बाजूला ठेवू नका. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात अँड्र्यू थॉमसच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि पुढचे सात सामने तो बाहेर बसला. चौथ्या आठवड्यात सिॲटलने जायंट्सना एका रात्रीत ११ वेळा सॅक केलं. त्या ८५ मधले ११.